वाकडा स्विंग, सरळ बॉल

दिवाळी आली की आपल्याकडे ऑन्टारियोत गोल्फचा मोसम संपत आलेला असतो. क्लब पुसून बेसमेंटमध्ये जातात आणि मग गोल्फवाल्या मंडळींच्या डोक्यात दर हिवाळ्याचा विचार सुरू होतो : एवढी वर्षं खेळतोय, अजून शंभराच्या आत येत नाही, कंबर मात्र दुखते. मग हा स्विंगच मुळापासून बदलावा का? आणि बदलायचाच तर तो पाय फाकवून, हात ताठ पुढे धरून खेळतात तसा का नको? यावर घरचे हसतात, बरोबरचे खेळाडू त्याहून जास्त हसतात. या चर्चेला थोडा इतिहासाचा आधार मिळावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ज्याला आपण आज 'पुस्तकातला' स्विंग म्हणतो, तोही एके काळी विचित्रच समजला जात होता. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनीवर ठेवून क्लब धरायचा, हे आज पहिल्याच धड्यात शिकवतात. याला 'वार्डन ग्रिप' म्हणतात. पण हॅरी वार्डनच्या आधी जॉनी लेडले नावाचा स्कॉटिश हौशी खेळाडू असाच क्लब धरायचा. १८८९ आणि १८९१ साली त्याने ब्रिटिश अॅमॅच्युअर स्पर्धा जिंकली. त्या काळी बहुतेक लोक दहाही बोटांनी मूठ आवळून खेळत आणि क्लब अंगाभोवती आडवा फिरवत. वार्डनचा उभा, मोकळा स्विंग जुन्या जाणत्यांना रुचणारा नव्हता. पण १८९६ ते १९१४ या काळात त्याने ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली, आणि विक्षिप्त ग्रिपचा नियम होऊन गेला!

दुसरी गोष्ट अवजारांची. तेव्हा क्लबचे दांडे हिकरीच्या लाकडाचे असत. जोरात फिरवला की दांडा पिळवटायचा, म्हणून मनगटं सांभाळून, ताल धरून खेळावं लागे. ब्रिटनमध्ये १९२९ साली पोलादी दांड्यांना परवानगी मिळाली आणि मनगटांची ती कसरत अनावश्यक झाली. टेक्सासच्या बायरन नेल्सनने पोलादाला साजेसा, पायांचा जास्त वापर करणारा स्विंग स्वतःसाठी घडवला. १९४५ साली त्याने १८ स्पर्धा जिंकल्या, त्यातल्या ११ तर ओळीने. थोडक्यात काय, तंत्र हे कुठल्या तरी अडचणीवरचं उत्तर असतं. अडचण बदलली की उत्तरही बदलतं.

आता आपल्या शेजारच्या माणसाकडे येऊ. टोरांटोहून ४०१ ने निघालं की तासाभरात किचनर येतं. तिथे १९२९ साली मो नॉर्मनचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची. लहानपणी कॅडीचं काम करायचं, हिवाळ्यात बोलिंगच्या पिना उभ्या करायच्या आणि उरलेला सगळा वेळ बॉल मारायचे. शिक्षक नाही, त्यामुळे 'असं करू नकोस' म्हणणाराही कुणी नाही. यातून जे तयार झालं ते जगावेगळं होतं. पाय खूप रुंद, बॉलपासून लांब उभं राहायचं, हात आणि क्लब एका सरळ रेषेत, क्लबचं डोकं बॉलच्या चांगलं वीतभर मागे, आणि बॅकस्विंग आखूड.

दिसायला वेडंवाकडं, पण त्यात एक साधा हिशेब आहे. नेहमीच्या पद्धतीत उभं राहताना हात खाली लोंबतात, म्हणजे हात आणि क्लब यांत कोन असतो. बॉलला फटका बसतो त्या क्षणी मात्र हात वर उचललेले असतात आणि तो कोन बराच उलगडलेला असतो. मो सुरुवातच साधारण त्या फटक्याच्या स्थितीतून करायचा. मधली उलाढाल कमी, म्हणून चुकायला जागाही कमी. १९५५ आणि १९५६ साली लागोपाठ त्याने कॅनेडियन अॅमॅच्युअर जिंकली. पुढे व्यावसायिक झाल्यावर १९६६ आणि १९७४ ची कॅनेडियन पीजीएसुद्धा. त्याचा बॉल इतका सरळ जायचा की लोक त्याला 'पाइपलाइन मो' म्हणू लागले. टायगर वुड्सने २००५ साली एका मुलाखतीत म्हटलं होतं की आपल्या स्विंगचे खरे मालक दोनच : बेन होगन आणि मो नॉर्मन.

पण अमेरिकन टूरवर तो टिकला नाही. त्याचे कपडे, त्याचं भराभर बोलणं, उंच टीवर बॉल ठेवून मारणं यावर तिथल्या लोकांनी त्याला सुनावलं, आणि मुळातच बुजरा असलेला मो कॅनडात परत आला. कित्येक वर्षं हलाखीत गेली. १९९५ साली टायटलिस्ट कंपनीचे प्रमुख वॉली युलाइन यांनी त्याला आयुष्यभर दरमहा ५,००० डॉलर्स द्यायचं ठरवलं, बदल्यात काहीही न मागता. २००४ साली मो गेला.

हसणाऱ्यांचा विषय निघाला की पापवा सेवगोलमची आठवण येतेच. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा हा भारतीय वंशाचा कॅडी. उजव्या हाताने खेळायचा, पण क्लब उलटा धरायचा, म्हणजे डावा हात खाली आणि उजवा वर. कुठलाही प्रशिक्षक पहिल्या पाच मिनिटांत सुधारेल अशी ही 'चूक' घेऊन त्याने १९५९, १९६० आणि १९६४ साली डच ओपन जिंकली. १९६३ साली डर्बनला नाताळ ओपन जिंकली, पण वर्णभेदामुळे क्लबहाऊसमध्ये त्याला प्रवेश नव्हता. बक्षीस त्याला बाहेर पावसात उभं राहून घ्यावं लागलं. १९६५ साली त्याच स्पर्धेत त्याने गॅरी प्लेअरला हरवलं, आणि त्यानंतर सरकारने त्याला गोऱ्यांच्या स्पर्धांचे दरवाजेच बंद केले. १९७८ साली तो वारला. त्याची ग्रिप त्याला कधी आड आली नाही, आड आली ती माणसं.

हे वाचून कुणी म्हणेल, मग ठरलं, उद्यापासून मोसारखं खेळायचं! थांबा जरा. १९९० च्या दशकात 'नॅचरल गोल्फ' या नावाने हे तंत्र अमेरिकेत विकलं गेलं. जाड मुठीचे क्लब, शिकवणीचे वर्ग आणि प्रात्यक्षिकाला साक्षात मो. हजारो हौशी खेळाडूंनी पैसे भरले. त्यांना मोची उभं राहण्याची पद्धत मिळाली, पण मोचे तास कुठून मिळणार? १९५६ च्या मास्टर्समध्ये आमंत्रण मिळालेल्या या माणसाने स्पर्धा चालू असताना सरावाला म्हणून सुमारे ८०० बॉल मारले असं सांगतात. हात इतका सुजला की स्पर्धा सोडावी लागली.

अलीकडचं उदाहरण ब्रायसन डिशॅम्बोचं. हात आणि क्लब एका रेषेत, जाड ग्रिप्स, आणि सगळ्या आयर्नची लांबी सारखी, ३७.५ इंच. त्याचा प्रेरणास्रोत म्हणजे होमर केली यांचं १९६९ सालचं 'द गोल्फिंग मशीन' हे पुस्तक. २०१५ साली त्याने यूएस अॅमॅच्युअर जिंकली, २०२० आणि २०२४ साली यूएस ओपन. पण त्यानेसुद्धा मोची नक्कल केली नाही. विचार घेतला आणि स्वतःच्या अंगाला बेतून शिवला.

तेव्हा मंडळी, या हिवाळ्यात निर्णय घ्यायचाच असेल तर आधी स्वतःला विचारा की माझी नेमकी अडचण काय? बॉल उजवीकडे वळतो, की कंबर वळत नाही, की आठवड्यातून एकदासुद्धा क्लब हातात येत नाही? पहिल्या दोन अडचणींवर वेगळा स्विंग कदाचित उपाय ठरेल. तिसरीवर कुठलाच स्विंग ठरणार नाही. कंबरेचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, प्रशिक्षकाला नंतर. आणि बदल करायचाच तर नोव्हेंबरात करा, मेमध्ये नको. चार-पाच महिने इनडोअर रेंजवर बॉल मारा, स्कोअर लिहूच नका. जुनं विसरायला नि नवं अंगात मुरायला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

राहता राहिले हसणारे. लेडलेची ग्रिप पाहून ज्यांनी भुवया उंचावल्या असतील, त्यांची नातवंडं तीच ग्रिप शिकली. म्हणून स्विंग कसा दिसतो ही काळजी सगळ्यांत शेवटी करावी. बॉल कुठे पडतो ते बघावं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठताना 'आई गं' म्हणावं लागतं का, तेही बघावं!