देवांची लुडबूड आणि मुलीचा होकार

श्रोतेहो, ‘संगीत सौभद्र’ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. निदान त्यातली पदे तरी कानांवरून गेली असतील. अण्णासाहेब किर्लोस्करांचे हे नाटक १८८२ साली रंगभूमीवर आले. बलरामाच्या मनात सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे, सुभद्रेच्या मनात अर्जुन आहे, आणि या दोघांच्या मधे उभा राहून श्रीकृष्ण हळूच सूत्रे हलवतो आहे. प्रत्यक्ष देव माणसांच्या लग्नात लुडबूड करतो आणि आपण खुशाल हसत बसतो. का बरे? कारण कृष्ण जे जुळवून आणतो आहे ते सुभद्रेच्या मनातलेच आहे, हे आपल्याला ठाऊक असते.

आज मी आपल्याला ग्रीस देशाच्या जुन्या देवांकडे नेणार आहे. माणसांच्या प्रेमात हात घालायची त्यांना भारी हौस. त्यांच्या कथांवरून दोन हजारांहून अधिक वर्षे नाटके लिहिली गेली, आणि त्यांतली कितीतरी हसवणारी आहेत.

वर्गात मी एकदा ट्रॉयच्या युद्धाची कथा सांगत होतो. थेटिस नावाच्या समुद्रकन्येचे लग्न होते. सगळ्या देवांना आमंत्रणे गेली, कलहाची देवी तेवढी वगळली. तिने काय करावे? मांडवात सोन्याचे एक सफरचंद टाकले: ‘जी सर्वांत सुंदर असेल तिला.’ झाले! तीन देवी पुढे आल्या. निवाडा करायला नेमला पॅरिस. हा ट्रॉयचा राजपुत्र, पण त्या वेळी डोंगरावर गुरे राखत होता. हेरा म्हणाली, ‘तुला राज्य देते.’ अथीना म्हणाली, ‘लढाईत जय देते.’ प्रेमाची देवी ॲफ्रोडाइटी म्हणाली, ‘जगातली सर्वांत सुंदर स्त्री देते.’ पॅरिसने सफरचंद हिच्या हातावर ठेवले. आणि ती सुंदर स्त्री कोण? हेलन, स्पार्टाच्या राजाची लग्नाची बायको.

इतक्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, “पण सर, हेलनला कुणी विचारलं होतं का?”

वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढे गेलो. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही जाईना. त्या दिवशी मुलीला जे उत्तर द्यायचे राहिले, ते आज आपल्यापुढे मांडतो आहे.

हेलनला कुणी विचारले नव्हते. पण ती मुकी होती असे मात्र नाही. होमरच्या ‘इलियड’ काव्याच्या तिसऱ्या सर्गात एक विलक्षण प्रसंग आहे. हेलनच्या पहिल्या नवऱ्याशी पॅरिसचे द्वंद्व होते. पॅरिस हरायला येतो, तेव्हा ॲफ्रोडाइटी त्याला अलगद उचलून महालात नेऊन ठेवते आणि म्हातारीचे रूप घेऊन हेलनला बोलवायला येते. हेलन देवीला ओळखते आणि तोंडावर सांगते: एवढे प्रेम असेल तर तूच जाऊन बस त्याच्यापाशी. देवी संतापते, धमकी देते. मग हेलन पदर ओढून मुकाट्याने मागोमाग निघते. नकार होता, पण तो टिकला नाही. समोर देवी होती ना!

जुन्या ग्रीकांना प्रेम ही आपल्या मनातून उगवणारी गोष्ट वाटत नसे. ते बाहेरून येते, देव ते अंगात घालतात, असे ते मानीत. युरिपिडीस या नाटककाराचे ‘हिपॉलिटस’ हे नाटक इसवी सनापूर्वी ४२८ साली अथेन्समध्ये झाले. हिपॉलिटस हा तरुण ॲफ्रोडाइटीला मानीत नाही. देवी सूड घेते. कशी? त्याच्या सावत्र आईच्या मनात त्याच्याविषयी ओढ निर्माण करून. दोघेही मरतात. त्या बिचारीचा गुन्हा काय? काही नाही. देवीच्या भांडणात ती हत्यार म्हणून वापरली गेली. येथे हसायला जागाच नाही.

हसणे आले ते रोममध्ये. इसवी सनापूर्वी दोनशेच्या सुमारास प्लॉटस नावाच्या नाटककाराने ‘ॲम्फिट्रिऑन’ची कथा रंगभूमीवर आणली. ॲम्फिट्रिऑन हा थीब्जचा सेनापती लढाईवर गेलेला. देवांचा राजा जुपिटर, म्हणजे ग्रीकांचा झ्यूस, त्याचेच रूप घेऊन त्याच्या घरात शिरतो. बायको अल्कमीनी नवरा आला म्हणून आनंदते. दारावर पहारा कोणाचा? जुपिटरचा मुलगा मर्क्युरी. त्याने सोसिया या नोकराचे रूप घेतले आहे. खरा सोसिया घरी येतो, तर दारात आपणच उभे! हा दुसरा ‘आपण’ त्याला असा बडवतो की ‘मी नक्की कोण?’ हेच त्याला कळेनासे होते. मोलिएरने १६६८ साली हीच कथा फ्रेंचमध्ये आणली, आणि फ्रेंच लोक आजही हुबेहूब दुसऱ्यासारख्या दिसणाऱ्या माणसाला ‘सोसी’ म्हणतात.

सोसियावर आपण पोटभर हसतो. पण अल्कमीनीचे काय? खरा नवरा परत येतो आणि तिच्यावरच संशय घेतो. प्लॉटसच्या नाटकात शेवटी तिला जुळे होते, जुपिटर प्रकट होऊन सगळा उलगडा करतो आणि ॲम्फिट्रिऑनचे समाधान होते. देवाने नवऱ्याची समजूत काढली. अल्कमीनी मात्र त्या शेवटात रंगमंचावर येतच नाही.

हे ऐकताना आपल्याला अहल्या आठवली असेल. मला मात्र आपल्या विदर्भाची लेक दमयंती आठवते. तिच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार देव नळाचे रूप घेऊन बसले. समोर पाच नळ! दमयंतीने देवांनाच सत्याची शपथ घातली, आणि देवांना आपल्या खुणा दाखवाव्या लागल्या. त्यांना घाम येत नाही, पापणी लवत नाही, गळ्यातली माळ कोमेजत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. दमयंतीने माळ कोणाला घातली? ज्याच्या अंगावर घाम होता, धूळ होती आणि ज्याच्या गळ्यातली फुले सुकली होती, त्या माणसाला. आणि देवांनी ते मान्य केले, उलट वरही दिले.

युरोपच्या अल्कमीनीला या ठिकाणी पोचायला फार वेळ लागला. जर्मन नाटककार क्लाइस्टचे ‘ॲम्फिट्रिऑन’ १८०७ साली छापले गेले. त्यात खरा प्रकार कळल्यावर अल्कमीनीच्या तोंडून नुसता एक उद्गार निघतो, आपल्या ‘आह’सारखा, आणि त्यावर नाटक संपते. तो आनंद की दुःख, यावर अजून वाद चालतात. पण निदान शेवटचा शब्द तिचा आहे. मग १९२९ साली पॅरिसमध्ये जिरोदूचे ‘ॲम्फिट्रिऑन ३८’ आले. आपल्या आधी ही कथा सदतीस वेळा सांगून झाली, अशी नावातली गंमत. येथेही देव वेषांतर करून फसवतोच. पण तो तिला अमरत्व देऊ करतो, तेव्हा ती सरळ ‘नको’ म्हणते. तिला नवऱ्याबरोबर म्हातारे व्हायचे आहे. दमयंतीने घाम आणि धूळ पसंत केली, तसेच हे.

आता दुसरी एक कथा. ऑव्हिड हा रोमन कवी इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आरंभी पिग्मॅलियनची गोष्ट सांगतो. सायप्रस बेटावरचा हा मूर्तिकार आपणच घडवलेल्या स्त्रीमूर्तीच्या प्रेमात पडतो. तो व्हीनसला, म्हणजे ॲफ्रोडाइटीला, नवस करतो आणि मूर्ती जिवंत होते. ती लाजते, डोळे उघडते, लग्न होते. पण ऑव्हिडने तिला नाव दिलेले नाही, आणि ती एक शब्दही बोलत नाही!

पुढच्या लेखकांनी या मूर्तीला वाचा दिली, आणि गंमत सुरू झाली. अँस्टी या इंग्रज लेखकाची ‘द टिंटेड व्हीनस’ ही विनोदी कथा १८८५ साली निघाली. लंडनचा एक न्हावी वाग्दत्त वधूसाठी घेतलेली अंगठी सहज म्हणून व्हीनसच्या पुतळ्याच्या बोटात घालतो. पुतळा जिवंत होतो आणि म्हणतो, तू आता माझा! त्याची पळता भुई थोडी होते. या कथेवरून १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये ‘वन टच ऑफ व्हीनस’ हे संगीत नाटक झाले. १९४८ मध्ये त्याचा चित्रपटही निघाला. नाटकात शहरातल्या एका साध्या न्हाव्याशी संसार थाटला तर आपले दिवस कसे जातील, हे व्हीनसला दिसते, आणि ती पुन्हा दगड होणे पत्करते. म्हणजे मूर्तीसुद्धा आता आपल्यापुरता निर्णय घेऊ लागली.

आणि बर्नार्ड शॉ? त्याच्या ‘पिग्मॅलियन’चा पहिला प्रयोग १९१३ साली व्हिएन्नात झाला. येथे देवी नाही. तिच्या जागी भाषाशास्त्राचा प्राध्यापक बसला आहे. फुले विकणाऱ्या पोरीला तो उच्चभ्रू बोली शिकवतो, पैज जिंकतो आणि खूश होतो. पण त्याची ‘मूर्ती’ त्याला विचारते, आता माझे काय? हेच नाटक पु. ल. देशपांड्यांनी ‘ती फुलराणी’ म्हणून १९७५ साली आपल्या मातीत आणले. भक्ती बर्वे यांची मंजुळा ज्यांनी पाहिली ते ती विसरलेले नाहीत. हेलनचा दबलेला नकार तेथे मोकळ्या आवाजात ऐकू आला.

आपण म्हणाल, हे सगळे परदेशचे जुने देव, आमचा त्यांच्याशी काय संबंध? संबंध आहे. देव गेले तरी त्यांची जागा रिकामी राहत नाही. मामा स्थळ आणतात, पत्रिका जुळते, हुंड्याचा आकडा कानाआड ठरतो, आणि अलीकडे मोबाइलवर शंभर फोटो येतात. मदत करणाऱ्याला नावे ठेवायची नाहीत. कृष्णानेही मदतच केली. पण त्याने सुभद्रेचे मन आधी ओळखले होते. मुलीच्या मनाचा ठाव न घेता जुळवलेल्या लग्नात हसू फक्त बघणाऱ्यांचे असते.

शिक्षक मित्रांना एकच विनंती. वर्गात अशी कथा सांगताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, तर माझ्यासारखे हसून पुढे जाऊ नका. तेथेच थांबा आणि तिला म्हणा, “नाही बाई, कुणी विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं.”