चंद्रसूर्य असेपर्यंत

अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्याच्या दर्शनी भागी बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरविलेला एक लेख आहे. माणसाची आठवण जगात जोवर ताजी असते तोवर तो स्वर्गसुख भोगतो; यास्तव चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल असे स्मारक पर्वतात करवावे, असा त्यातील एका श्लोकाचा आशय आहे. सर्व काही अनित्य आहे असे शिकविणाऱ्या धर्माच्या उपासकाने हे लिहावे, याचे प्रथम नवल वाटते. परंतु थोडा विचार केला म्हणजे ध्यानात येते की, अनित्यतेची जाणीव ज्यास तीव्र, त्यासच दगडाचा आधार घ्यावासा वाटतो.

डोंगराने बुद्धभद्राचा विश्वास बव्हंशी सार्थ केला. चित्रांस मात्र ते साधले नाही. दगडावर मातीचा गिलावा, त्यात भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात आणि त्या कोरड्या पृष्ठावर गेरू, पिवडी, काजळी असे रंग, अशी या भिंतींची घडण आहे. तूस व तंतू कीटकांचे अन्न झाले, पावसाळ्यात पाणी झिरपले, वटवाघळांनी व धुराने आपला वाटा उचलला. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी तेथे पोहोचला आणि दहाव्या लेण्यातील चित्रावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. बुद्धभद्राचीच ती हौस. फरक इतकाच की, एकाने आपली आठवण राखण्यासाठी लेणे घडविले आणि दुसऱ्याने चित्र ओरबाडले.

यानंतर काळाशी दुसरा सामना सुरू झाला, तो नकलांचा. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या सैनिकी अधिकाऱ्यास चित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामी नेमले. सुमारे वीस वर्षे तो त्या दरीत खपला. त्याची तैलचित्रे लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. १८६६ च्या डिसेंबरात तेथे आग लागली आणि ती भस्मसात झाली. गिलची उरलेली मोठी चित्रे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच आहेत. १८७९ मध्ये तो भुसावळला निवर्तला.

त्याच्या हयातीतच, १८७२ पासून, मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी ते काम पुन्हा हाती घेतले. पेस्तनजी बोमनजी प्रभृती विद्यार्थ्यांसह १८८५ पर्यंत त्यांनी सुमारे तीनशे प्रतिकृती सिद्ध केल्या. त्या विलायतेस गेल्या आणि साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात १८८५ मध्येच लागलेल्या आगीत त्यांतील पुष्कळ नष्ट झाल्या. पुढे जपानी चित्रकार अराई कानपो यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात केलेल्या नकला तोकियोस नेण्यात आल्या. १९२३ च्या भूकंपाने त्याही गिळल्या. वाचकांस हा शापाचा प्रकार वाटेल. परंतु शाप कसला? मूळ चित्र जितके मर्त्य, तितकीच त्याची नक्कलही मर्त्य असते, एवढाच याचा अर्थ.

शिवाय जतन करणाऱ्या हातांनीही इजा केली. नक्कल करताना रेषा उठून दिसाव्यात म्हणून चित्रांवर रोगण चढविले गेले. निजाम सरकारने १९२० साली लोरेंझो चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांस पाचारण केले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी भिंतीशी पक्का केला, हा त्यांचा मोठा उपकार. परंतु त्यांनी वापरलेले लाखेचे रोगण कालांतराने काळवंडले आणि रंगांवर पिवळट पडदा पडला. तो उतरविण्यात पुढच्या पिढ्यांची वर्षे गेली.

आता या सामन्यात नवे शस्त्र आले आहे, ते संगणकाचे. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांच्यासारख्या व्यासंगी माणसांनी वर्षानुवर्षे खपून या चित्रांची सूक्ष्म छायाचित्रे घेतली आहेत आणि संगणकाच्या साहाय्याने त्यांस पूर्वरूप देण्याचा उद्योग आरंभिला आहे. नॉर्वेतील स्वालबार्ड बेटांवर एका जुन्या कोळशाच्या खाणीत २०१७ साली उघडलेल्या भांडारातही अजिंठ्याची संगणकीय रूपे ठेवण्यात आली आहेत. पंधराशे वर्षांनी माणूस पुन्हा डोंगराच्याच पोटात शिरला, हे पाहून बुद्धभद्रास समाधान वाटले असते!

या उद्योगाचे मोल मोठे आहे. जे लेण्यातील अंधारात डोळ्यांस दिसत नाही, ते या चित्रांत घरबसल्या दिसते. तथापि अशा चित्रांकडे रसिकाने एक प्रश्न विचारूनच पाहावे: यात भिंतीवरचे किती आणि भरलेले किती? गळून पडलेला हात, पुसलेला अर्धा चेहरा, उडालेला रंग संगणकावर इतक्या सफाईने भरता येतो की, सांधा ओळखू येत नाही. ते चित्र मग हातोहात फिरते आणि पाहणारा त्यालाच अजिंठा समजतो. काळाने काय नेले याची नोंदच अशाने पुसली जाते. ग्रिफिथ्स यांच्या मंडळींच्या कित्येक नकलांत भिंतीवरची भगदाडे तशीच दाखविली आहेत. त्यांपुढे आजची भिंत ठेवली म्हणजे मधल्या काळात काय नाहीसे झाले ते कळते. त्यांनी भगदाडे कल्पनेने बुजविली असती, तर चित्रे कदाचित अधिक मोहक झाली असती, पण त्यांची साक्ष खोटी ठरली असती.

या बाबतीत जपानातील होर्युजी मंदिराचे उदाहरण घेण्यासारखे आहे. तेथील सुवर्णमंडपातील प्राचीन भित्तिचित्रांचे अजिंठ्याशी नाते पुष्कळ अभ्यासक मानतात. त्यांच्या नकला चालू असतानाच २६ जानेवारी १९४९ रोजी तेथे आग लागली व चित्रे होरपळून गेली. सुदैवाने १९३५ मध्ये काचपट्ट्यांवर त्यांची मूळ आकाराची छायाचित्रे घेतलेली होती. त्यांच्या आधारे १९६७-६८ च्या सुमारास नामांकित चित्रकारांनी ती चित्रे पुन्हा रंगविली आणि ती मंडपात बसविण्यात आली. पण जळालेल्या भिंतीही टाकून दिल्या नाहीत. त्या स्वतंत्र कोठारात जपून ठेवल्या आहेत. जे हरपले ते एकीकडे आणि जे नव्याने केले ते दुसरीकडे, असा चोख हिशेब तेथे आहे.

अजिंठ्याच्या प्रत्येक संगणकीय चित्रासोबतही असाच हिशेब हवा. भरलेला भाग निराळ्या छटेने दाखवावा, निदान शेजारी आजच्या भिंतीचे छायाचित्र असावे. काळाला जिंकणे बुद्धभद्रास साधले नाही, गिलला नाही, आणि यंत्रासही साधेल असे दिसत नाही. कारण यंत्राची भाषाच दहावीस वर्षांत जुनी होते. मग माणसाच्या हाती राहते ते एवढेच की, आपल्या वाट्याचे डोळे भरून पाहावे, जसे दिसले तसे उतरवून घ्यावे, आणि जे दिसले नाही त्याची जागा पुढच्या माणसासाठी प्रामाणिकपणे रिकामी ठेवावी.