झपाटलेलें घर : लंडन, पुणें आणि काशीद

इंग्रजी कथावाङ्मयांत भुताच्या गोष्टींचें एक स्वतंत्र दालन आहे आणि त्या दालनांत मानाची जागा झपाटलेल्या घराच्या गोष्टीला आहे. ह्या प्रकाराचा नमुना म्हणून जाणते वाचक ज्या कथेकडे बोट दाखवितात, ती एडवर्ड बुल्वर लिटन ह्यांची कथा इ. स. १८५९ च्या ऑगस्ट महिन्यांत ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’ ह्या मासिकांत प्रसिद्ध झाली. ‘झपाटलेले आणि झपाटणारे’ असा तिच्या नांवाचा अर्थ आहे. हे लिटन म्हणजे ‘पाँपेईचे शेवटचे दिवस’ ह्या कादंबरीचे कर्ते. १८७८ सालीं देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप घालणारा कायदा करणारे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन हे ह्यांचेच चिरंजीव. वडिलांनीं भुतांना वाचा दिली व मुलानें जिवंत माणसांची वाचा बंद करण्याचा यत्न केला, असें कोणी म्हटल्यास त्याला फारसा दोष देतां येणार नाहीं.

कथेचें कथानक थोडक्यांत असें आहे. लंडन शहरांत भर वस्तीमध्यें एक सजविलेलें घर रिकामें पडलेलें असतें. त्यांत आलेला भाडेकरू दोन-चार दिवसांवर टिकत नाहीं, म्हणून मालक तें फुकट द्यावयासहि तयार असतो. निवेदक आपला धीट नोकर व एक कुत्रा बरोबर घेऊन तेथें एक रात्र काढतो. नोकर पळून जातो, कुत्रा मरून पडतो, निवेदक मात्र निश्चयाच्या बळावर टिकतो. पुढें एका खोलीची जमीन फोडली असतां खालीं एक गुप्त कोठडी सांपडते. तींतील विलक्षण वस्तूंचा नाश केल्यावर घर शांत होतें.

बहुतेक वाचकांच्या स्मरणांत राहतात त्या सावल्या, तो थंड वारा आणि तो मेलेला कुत्रा. इतिहासाच्या अभ्यासकाचें लक्ष मात्र कथेच्या एका कोपऱ्यांत दडलेल्या गोष्टीकडे गेलें पाहिजे. त्या घराची राखण करणारी म्हातारी पूर्वीं त्याच घरांत संपन्न स्थितींत राहिलेली होती. तिचा श्रीमंत भाऊ पाण्यांत बुडून मेला. त्याच्या पोरक्या मुलाचें पालकत्व हिच्याकडे व हिच्या नवऱ्याकडे आलें. आणि थोड्याच महिन्यांत तें मूलहि मेलें. रात्रीं त्या मुलाचा आक्रोश ऐकूं येत असे, असें शेजारी सांगत. मुलाची संपत्ति आत्याला मिळाली. कोणावरहि गुन्हा शाबीत झाला नाहीं. अर्थात् ह्या कथेचा पाया भुतांवर नसून वारसा, पालकत्व आणि न मिळालेला न्याय ह्या तीन व्यावहारिक गोष्टींवर रचलेला आहे.

हा योगायोग नव्हे. ह्या प्रकारच्या कथेचें मूळ पाहूं गेल्यास आपणांस रोमन साम्राज्यापर्यंत मागें जावें लागतें. धाकट्या प्लिनीनें आपल्या एका पत्रांत अथेन्समधील एका घराची हकीकत दिली आहे. त्या घरांत रात्रीं बेड्यांचा खणखणाट होई व एक म्हातारा दिसे. अथेनोडोरस नांवाच्या तत्त्वज्ञानें तें घर घेतलें, तें भाडें संशय यावा इतकें कमी होतें म्हणून! रात्रीं तो लिहीत बसला असतां भूत आलें, त्यानें खूण केली, व अंगणांत एका जागीं तें अदृश्य झालें. दुसऱ्या दिवशीं अधिकाऱ्यांकडून ती जागा खणविली, तेव्हां सांखळ्यांनीं जखडलेलीं हाडें निघालीं. त्यांचा विधिपूर्वक अंत्यसंस्कार झाला आणि घर निर्वेध झालें. भाडें, मालकी, पुरलेलें प्रेत, अधिकाऱ्यांसमक्ष खणती आणि अखेर शांति, अशी ही चौकट लिटनपर्यंत फारशी बदललेली नाहीं.

खुद्द लंडनमध्यें १७६२ सालीं कॉक लेन ह्या गल्लींतील एका भुतानें सारें शहर हालवून सोडलें होतें. तें भूत भिंतीवर व फळ्यांवर टकटक करून एका गृहस्थावर विषप्रयोगाचा आरोप करी. डॉक्टर जॉन्सनसारखा विद्वान् चौकशीसाठीं मध्यरात्रीं चर्चच्या तळघरांत जाऊन आला आणि सर्व बनाव आहे असा निर्णय झाला. मूळ भांडण निघालें तें घरमालक व भाडेकरू ह्यांमधील उसन्या पैशांचें. भाडेकरूनें पैशांसाठीं दावा लावला होता. त्याचा सूड मालकानें भुताकरवीं घेऊं पाहिला. न्यायाच्या दारांत जें भांडण मिटत नाहीं, तें भूत होऊन घराच्या भिंतींत शिरतें, हें येथें अगदीं उघड दिसतें.

आतां आपण आपल्या देशाकडे वळूं. मराठी माणसाला झपाटलेलें घर म्हटलें कीं एकच वास्तु आठवते, ती म्हणजे पुण्याचा शनिवारवाडा. पहिल्या बाजीरावांनीं १७३० च्या जानेवारींत त्याचा पाया घातला व १७३२ सालीं वास्तुशांति केली. चाळीस वर्षें हा वाडा हिंदुस्थानच्या राजकारणाचें मध्यस्थान होता. पुढें ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, गणेशोत्सवाच्या दिवसांत, भर दुपारीं गारद्यांनीं आंत शिरून अवघ्या अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून केला. थकलेल्या पगाराचें निमित्त होतें. सुमेरसिंग गारदी पुढें होता. वाड्यांतच नजरकैदेंत असलेल्या आपल्या काकांकडे, रघुनाथरावांकडे, नारायणराव धांवत गेले व त्यांना मिठी मारून त्यांनीं जीव वांचविण्याची याचना केली. चाफाजी टिळेकर ह्या सेवकानें आपलें अंग धन्यावर टाकलें. दोघेहि मारले गेले. ‘धरावें’ ह्या शब्दाचें ‘मारावें’ आनंदीबाईंनीं केलें, ही गोष्ट दंतकथेच्या सदरांत ठेवली, तरी काकांच्या संमतीवांचून गारदी वाड्यांत शिरते ना, हें तत्कालीन लोकांनीं ओळखलें होतें.

येथें लिटनच्या कथेची आठवण व्हावी. पोरकें मूल, पालक असणारे आप्त, वारसा आणि शेजाऱ्यांच्या कानीं आलेला आक्रोश, हें सर्व येथें आहे. भेद इतकाच कीं, लंडनचें घर कल्पित आहे आणि पुण्याचें खरें आहे; तेथें एका कुटुंबाची संपत्ति पणास लागली होती, येथें एक राज्य.

ह्यापुढें जें घडलें त्यांतच भुताचा जन्म आहे. रामशास्त्री प्रभुणे ह्यांनीं चौकशी केली, रघुनाथरावांकडे दोष येतो असें ठरविलें, आणि देहान्त प्रायश्चित्ताखेरीज मार्ग नाहीं असें तोंडावर सांगून ते पुणें सोडून गेले, अशी परंपरा आहे. निवाडा झाला, पण त्याची बजावणी करणार कोण? ज्याच्यावर आरोप, त्यालाच पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं होतीं. १७७४ च्या एप्रिलांत नारायणरावांच्या विधवा पत्नी गंगाबाई पुरंदरावर प्रसूत होऊन सवाई माधवराव जन्मले, तेव्हां बारभाईंच्या कारस्थानाला धनी मिळाला. रघुनाथरावांनीं १७७५ च्या मार्चमध्यें सुरतेस इंग्रजांशीं तह करून साष्टी व वसई देऊं केली. त्यांतून निघालेलें युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहानें थांबलें. रघुनाथराव पुढें कोपरगांवीं पेन्शनीवर असतां स्वाभाविक मृत्यूनें गेले. एका खुनानें इंग्रजांना दार उघडून दिलें, पण खुनाच्या मुख्य आरोपीला दंड झाला नाहीं.

ह्याहून विलक्षण गोष्ट पुढें आहे. सवाई माधवराव १७९५ च्या ऑक्टोबरांत ह्याच वाड्यांत माडीवरून पडून वारले आणि १७९६ सालीं गादी मिळाली ती रघुनाथरावांच्या मुलाला, दुसऱ्या बाजीरावांना. ज्या घरांत बापावर खुनाचा डाग लागला, त्या घराचा मुलगा धनी झाला. नारायणरावांचें भूत ह्या बाजीरावांना पछाडीत असे; पंढरपूरच्या एका सत्पुरुषानें कांहीं काळ तें दूर केलें, पण पुन्हा पीडा सुरू झाली; मग पापक्षालनार्थ त्यांनीं पुण्याभोंवतीं हजारों आंब्यांचीं झाडें लावविलीं व ब्राह्मणांना दानें दिलीं, अशी हकीकत एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज संग्राहकांनीं नोंदवून ठेविली आहे. ती अक्षरशः खरी मानण्याचें कारण नाहीं. परंतु लोकांनीं भूत कोणाच्या मानगुटीवर बसविलें हें पाहण्याजोगें आहे. रस्त्यानें जाणाऱ्या वाटसरूच्या नव्हे, तर ज्याला त्या खुनाचें फळ मिळालें त्याच्या. रामशास्त्र्यांचा निवाडा ज्याच्यावर बजावतां आला नाहीं, त्याच्या वंशावर तो लोकांच्या कल्पनेनें असा बजावला.

१८१७ च्या नोव्हेंबरांत वाड्यावर इंग्रजांचें निशाण लागलें आणि १८२८ च्या फेब्रुवारींत लागलेल्या आगीनें आंतील लांकडी इमारती खाक झाल्या. उरले ते तट, दिल्ली दरवाजा, जोतीं आणि हौद. घर गेलें, पण हांक राहिली. ‘काका, मला वांचवा’ ही आरोळी रात्रीं ऐकूं येते, असें लोक अजून सांगतात. आमच्या मतें त्या हांकेचा प्रसार करण्यांत रंगभूमीचा वांटा मोठा आहे. १९०९ सालीं रंगभूमीवर आलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांच्या ‘भाऊबंदकी’ नाटकानें व १९४४ च्या ‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’ बोलपटानें तो प्रसंग घरोघर नेला. दोहोंतहि खरा नायक न्यायाधीश आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. मराठी माणसाच्या मनांत नारायणरावांचें भूत आणि रामशास्त्र्यांचा निवाडा हीं दोन्ही एकत्रच राहतात.

ह्यावर कोणी असें विचारील कीं, आमच्या खेड्यापाड्यांतून भुतांना काय तोटा आहे? तोटा नाहींच. पण तीं भुतें बहुतेक घरांत राहत नाहींत. रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईवरून दक्षिणेस निघालें म्हणजे मुरूडच्या अलीकडे काशीद हें गांव लागतें. एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस फणसाडचें रान, जेथें पूर्वीं जंजिऱ्याचे नबाब शिकार करीत. हा सर्व मुलूख १९४८ पर्यंत सिद्दींच्या जंजिरा संस्थानांत होता. ह्या कोकणपट्टीवरील समजुतींचा पहिला मोठा संग्रह आर्थर जॅक्सन ह्या सिव्हिलियनानें गांवोगांवच्या शाळामास्तरांकडून प्रश्नांचीं उत्तरें मागवून केला. १९०९ च्या डिसेंबरांत नाशिकच्या नाटकगृहांत जॅक्सन ह्यांचा वध झाला. त्यांचे कागद एन्थोव्हेन ह्यांनीं १९१५ सालीं कोकणच्या लोकसमजुतींवरील पुस्तकाच्या रूपानें छापले. त्या शाळामास्तरांच्या उत्तरांतून भुतांची जणू खानेसुमारीच हातीं येते. मुंजा पिंपळावर राहतो, गिऱ्हा पाण्यांत, देवचार गांवाच्या शिवेवर. चकवा वाट चुकवितो. वेताळ सर्वांचा राजा. खवीस हा शब्दच मुळीं अरबी ‘खबीस’ ह्यावरून आलेला. दर्यावर्दी किनाऱ्यानें शब्दांबरोबर भुतेंहि आयात केलीं.

ह्या यादींत घराशीं व संपत्तीशीं विशेष संबंध असणारें भूत एकच, तें म्हणजे ब्रह्मसंबंध. धनाची वासना मागें ठेवून मेलेला ब्राह्मण पुरलेल्या ठेव्यावर बसून राहतो, अशी समजूत. त्याचें कारण उघड आहे. मातीच्या भिंती व गवताचें छप्पर असलेलें कोळ्याचें अगर कुळवाड्याचें घर दोन-चार पावसाळ्यांत नवें करावें लागतें. तेथें भुताला पिढ्यान्‌पिढ्या राहावयास जागा कोठें? शिवाय त्या घरांत वांटणीवरून विष घालावें इतकें आहे तरी काय? गरिबाचें भूत झाडावर, पाणवठ्यावर, बांधावर राहतें, कारण त्याचें दुःख तेथलें आहे: बुडून मेलेल्याचें, बाळंतपणांत गेलेल्या बाईचें, रानांत वाट चुकलेल्याचें. श्रीमंताचें भूत वाड्यांत राहतें, कारण त्याचें दुःख वांटणीचें आहे.

ह्या दृष्टीनें रेवदंड्याचें उदाहरण पाहावें. १७४० सालीं पोर्तुगीज तें ठाणें मराठ्यांच्या स्वाधीन करून गेले. त्यांच्या देवळांचे व मठांचे पडके अवशेष आज नारळीपोफळींच्या वाड्यांत उभे आहेत. सात खणांचा मनोरा अजून दिसतो. इंग्रजी कथाकाराच्या दृष्टीनें भुतांना ह्याहून चांगलें स्थळ मिळणार नाहीं. पण महाराष्ट्राच्या स्मरणांत घर करून राहिला तो शनिवारवाडा, रेवदंडा नव्हे. ओसाडपणा एवढ्यानें घर झपाटलें जात नाहीं. त्याला एक अपुरा राहिलेला निवाडा लागतो.

अलीकडे काशीदच्या किनाऱ्याला नवें रूप आलें आहे. शहरांतील धनिकांचीं सुटीचीं घरें ह्या पट्टींत उभीं राहिलीं आहेत. आठवड्याचे बहुतेक दिवस तीं बंद असतात व एखादा राखणदार तेवढा तेथें राहतो. लिटनला हवें असलेलें सर्व साहित्य येथें जमत आहे: टिकाऊ भिंती, रिकाम्या खोल्या, दूर राहणारा मालक आणि जवळ राहणारा पगारी माणूस. ह्या घरांना पुढें भुतें मिळतील कीं नाहीं हें चुन्यावर व विटांवर अवलंबून नाहीं. ज्या जमिनीवर तीं उभीं आहेत ती कशी घेतली गेली, मूळ कुळाला काय मिळालें, भावाभावांच्या वांटण्या सरळ झाल्या कीं नाहीं, आणि कोणी दाद मागितली तर ती लागली कीं नाहीं, ह्यावर तें अवलंबून आहे.

भुतांवर विश्वास ठेवावा असें आम्ही कोणास सांगत नाहीं. परंतु भुतांच्या गोष्टी टाकाऊ समजून इतिहासकारानें त्यांकडे पाठ फिरवूं नये, इतकें मात्र सुचवावेंसें वाटतें. दप्तरांत तह सांपडतात, हिशेब सांपडतात, वंशावळी सांपडतात; निवाडा बजावला गेला नाहीं म्हणून लोकांना काय वाटलें, तें दप्तरांत क्वचितच सांपडतें. अथेन्सच्या घरांत हाडांना मूठमाती मिळाली व तें घर शांत झालें. पुण्याचा वाडा सारा जळाला, तरी शांत झाला नाहीं. कारण तेथें राहिलेलें काम अग्नीचें नव्हतें, न्यायाचें होतें.