यंत्राचे वचन आणि त्याची ऐपत

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा उपदेश आपण घेणाऱ्याला करतो. देणाऱ्यानेही ऐपत पाहून वचन द्यावे, हे मात्र क्वचितच सांगतो. संगणकाच्या इतिहासात हा दुसरा प्रश्न साठ वर्षांहून अधिक काळ वादाचा राहिला आहे. एका संगणकावर अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी चालतात व प्रत्येक जण मेमरी मागतो. कोणाला किती द्यायची हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. ती त्या घरची कारभारीण होय. साठा मोजका, मागणारे पुष्कळ. मग तिने शब्द द्यावा तरी किती?

या प्रश्नाच्या मुळाशी जाताना आपण इंग्लंडातील मँचेस्टर विद्यापीठात पोहोचतो. टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरांटी कंपनीच्या साहाय्याने तेथे उभारलेला ‘ॲटलास’ संगणक डिसेंबर १९६२ मध्ये रीतसर सुरू झाला. मेमरी मोजण्याचे त्याचे एकक ४८ बिटांचे होते. जलद मेमरीत अशी १६,३८४ एकके मावत, तर फिरत्या चुंबकीय ड्रमवर ९८,३०४. पूर्वी ड्रमवरून केव्हा काय आणायचे याची चिंता प्रोग्रॅम लिहिणाराने वाहावी लागे. ॲटलासने ५१२ एककांचे एक अशी पाने पाडली आणि लागेल ते पान आपणच आणून देण्याची सोय केली. लिहिणाराला सारा साठा एकच व अखंड भासू लागला. दिलेले वचन आणि हातची शिल्लक यांची फारकत झाली ती येथे.

ही फारकत ताणली की काय होते, ते अमेरिकेतील पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये मांडले. प्रोग्रॅम फार झाले म्हणजे यंत्र पाने आणण्या-नेण्यातच दमते आणि खरे काम खोळंबते. म्हणून प्रत्येकाला नजीकच्या काळात खरोखर किती पाने लागली ते पाहावे, आणि त्यांची बेरीज साठ्यात बसत असेल तरच नव्याला आत घ्यावे.

युनिक्सने निराळाच पेच आणला. तेथे नवे काम सुरू करताना चालू प्रोग्रॅमची हुबेहूब प्रत काढतात. पुष्कळदा ती प्रत लगेच आपला सारा संसार टाकून दुसराच प्रोग्रॅम होऊन बसते. पुढे दोघांनी पाने सामाईक वापरावीत आणि जो बदल करील त्यालाच त्या पानाची वेगळी प्रत द्यावी, अशी रीत रूढ झाली. मात्र प्रतीसाठी पूर्ण साठा राखावा तर तो बहुधा पडून राहतो. न राखावा तर सर्वांनी एकदम मागितल्यावर आणायचा कोठून?

येथे दोन वाटा फुटल्या. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीने मेमरी आणि डिस्कवरील राखीव जागा यांच्या बेरजेपलीकडे वचन न देण्याचा नियम पाळला. १९९१ मध्ये जन्मलेल्या लिनक्सने सढळ हाताचा मार्ग धरला: उघड अवाजवी मागणी तेवढी नाकारायची, बाकी सर्वांना हो म्हणायचे. साठा खरोखरच संपला, तर एक प्रोग्रॅम निवडून तो तत्काळ ठार करायचा. बहुधा सर्वांत जास्त मेमरी व्यापणाराच त्यात सापडतो, आणि हातातले काम जपून ठेवण्याचीही संधी त्याला मिळत नाही.

सढळपणाला आम्ही अविचार म्हणणार नाही. न लागणारा साठा अडवून ठेवणे हीही उधळपट्टीच. पण दोन्ही वाटांवर किंमत कोण मोजतो, ते पाहिले पाहिजे. दारातच मिळालेला नकार मागणाराला कळतो. तो आपली मागणी कमी करू शकतो. मागाहून कोसळणारे संकट मात्र ज्याने शेवटचे पान मागितले त्याच्यावरच येईल असे नाही. आपले काम निमूटपणे करीत बसलेला दुसराच त्यात बळी जातो.

लिनक्सने ही निवड मालकाच्या हाती ठेवली आहे, हे त्याचे श्रेय. ० म्हणजे अंदाजाने, १ म्हणजे नेहमी होकार, २ म्हणजे काटेकोर हिशेब. या शेवटच्या रीतीत मालकाने वेगळे सांगितले नाही तर डिस्कवरील राखीव जागा आणि मेमरीचा निम्मा भाग एवढ्यापुरतेच वचन मिळते. जेथे अर्ध्यावर तुटलेले काम पुन्हा जोडता येत नाही, तेथे काही साठा पडून राहिला तरी चालेल, पण दारातला नकारच बरा, असे आमचे मत आहे.