मुक्तांगणची वाट घरातून जाते

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर गर्दची, म्हणजे भेसळयुक्त हेरॉइनची, पुडी मुंबई-पुण्याच्या कॉलेजांपर्यंत येऊन पोचली होती. दारुडा नवरा मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, पण चांगल्या घरातला, वीस-बावीस वर्षांचा मुलगा चार महिन्यांत हाडांचा सापळा होतो, आईच्या पाटल्या विकतो, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. अनिल अवचटांनी या मुलांमध्ये फिरून, त्यांच्या आईवडिलांशी बोलून लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, आणि यावर काही करता येईल का, असं त्यांनी विचारलं. करू शकेल अशी व्यक्ती अवचटांच्या घरातच होती. डॉ. अनिता अवचट, म्हणजे घरच्यांच्या सुनंदा, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. देशपांडे दांपत्याने एक लाख रुपयांची देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्या आवारातच मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

त्या काळी व्यसनी माणसावर उपचार म्हणजे कोंडून ठेवणं, दम देणं, प्रसंगी मारणं, असाच बहुतेकांचा समज होता. सुनंदाताईंनी तो सरळ बाजूला ठेवला. इथे येणाऱ्याला गुन्हेगार मानायचं नाही, आजारी मानायचं, आणि माणूस म्हणून वागवायचं. व्यसनातून बाहेर पडलेले लोकच पुढे केंद्रात कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. नव्याने दाखल झालेल्या मुलाची टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, चालू असते, अंग मोडून येत असतं, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असतं. अशा वेळी शेजारी बसलेला माणूस ‘मीही यातून गेलोय’ म्हणतो, तेव्हा त्या वाक्याला डॉक्टरच्या सांगण्याहून वेगळं वजन येतं. पस्तीस दिवसांचा निवासी उपचार, गटसभा, योग, श्रमदान, समुपदेशन ही घडी हळूहळू बसत गेली. पुढे येरवड्यातच मोहनवाडीला संस्थेची स्वतःची वास्तू उभी राहिली.

एवढ्यावर थांबले असते तर मुक्तांगण हे एक चांगलं रुग्णालय झालं असतं. मला त्यांच्या वाटचालीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यांनी घराकडे वळवलेलं लक्ष. माणूस पस्तीस दिवस केंद्रात राहतो आणि मग घरी जातो. पण घर त्या पस्तीस दिवसांत बदललेलं नसतं. बायको दहा-पंधरा वर्षं भीतीत जगलेली असते. जिन्यावरच्या पावलांच्या आवाजावरून आज किती झालीय हे तिला कळतं, आणि मुलं त्या आवाजाबरोबर अभ्यास गुंडाळून आतल्या खोलीत जातात. सासू म्हणते, तू नीट वागली असतीस तर तो प्यायला नसता. या बाईला झोप नाही, ॲसिडिटी आहे, डोकं सतत दुखतं, आणि आपल्यालाही उपचाराची गरज असेल हे तिच्या मनातही येत नाही. मुक्तांगणने व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालवला, त्यामागचं कारण हेच.

सहचरीसारख्या गटात नवीन आलेली बाई बहुधा नवऱ्याबद्दलच बोलते. तो काय म्हणाला, कुठे पडला, किती उधारी केली. समोरच्या बायका ऐकून घेतात, कारण त्या सगळ्याजणी त्यातून गेलेल्या असतात. मग कुणीतरी हळूच विचारतं, ‘आणि तुझं काय? तू जेवतेस का वेळेवर?’ तिथे बरेचदा पहिल्यांदा रडू फुटतं. जगभरात हे काम अमेरिकेत सुरू झालेल्या अल-अनॉनच्या गटांनी केलं. ते १९५१पासून चालू आहेत. पण आपल्याकडच्या बाईचे प्रश्न आपले असतात. मंगळसूत्र गहाण पडलेलं असतं, माहेरी परत जायची सोय नसते, आणि ‘घरातलं घरातच राहू दे’ हा धाक सगळ्यांच्या वर असतो. मराठीत, आपल्यासारख्या बायकांत बसून बोलायला जागा मिळणं हा निम्मा उपचार आहे, असं मी मनापासून मानतो.

माणूस केंद्रातून घरी येतो, ते पहिले दिवस सगळ्यात नाजूक. तो दुकानातून दूध आणायला जातो आणि वीस मिनिटं लागतात. दारात बायको उभी. ती काही बोलत नाही, पण पिशवी घेताना जरा जवळ येते आणि श्वास ओढून घेते. त्याला ते कळतं. तो शर्ट काढून ठेवतो, ती खिसे चाचपते, तेही त्याला दिसतं. तिचा संशय वाजवी आहे, त्याचं दुखावलं जाणंही खरं आहे. इथे घरच्यांनी काय करावं? विश्वास एका दिवसात बसत नाही, हे दोघांनी एकमेकांना मोकळेपणाने सांगावं. ‘मला अजून भीती वाटते’ हे वाक्य खिसे चाचपण्यापेक्षा खूप प्रामाणिक आहे. आणि त्याला घरात काम द्यावं. विजेचं बिल भरणं, मुलाच्या शाळेतल्या पालकसभेला जाणं, आईला डॉक्टरकडे नेणं. व्यसनाच्या वर्षांत बायकोने सगळा कारभार एकटीने ओढलेला असतो. तो हातातून सोडणं तिलाही जड जातं, पण ज्याला घरात काहीच जबाबदारी नाही तो माणूस त्या घरात पाहुणा म्हणूनच राहतो. पगार, एटीएम कार्ड, रोख पैसे यांचं काय करायचं हे मात्र समुपदेशकासमोर बसून, दोघांच्या संमतीने ठरवावं.

प्रेमापोटी होणाऱ्या काही गोष्टी नुकसान करतात. ऑफिसात फोन करून ‘त्यांना ताप आहे’ सांगणं, सावकाराची उधारी गुपचूप फेडणं, पोलिसांतून सोडवून आणल्यावर त्याबद्दल चकार शब्द न काढणं. यामुळे पिण्याचे परिणाम पिणाऱ्यापर्यंत पोचतच नाहीत. याहून घातक म्हणजे जाहिरात वाचून आणलेली पूड डाळीत किंवा चहात न सांगता मिसळणं. अशा पुडीत डायसल्फिरम हे दारू सोडवण्याचं औषध असेल आणि त्यावर तो माणूस दारू प्यायला, तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब एकदम उतरू शकतो. जीव जाऊ शकतो. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीत, रुग्णाला पूर्ण सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. तसंच, वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम दारू तोडू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होणं, झटके येणं, भान जाणं असा प्रकार होऊ शकतो आणि तो प्राणावर बेततो. दारू डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडवावी.

आणि घसरण, म्हणजे पुन्हा व्यसनाकडे वळणं. अनेकांची होते. कुणाच्या लग्नात, कुणाच्या मयतीवरून परतताना, बोनस मिळाल्याच्या संध्याकाळी. त्या रात्री घरात ‘सगळं पाण्यात गेलं’ असं वाटतं. तसं नसतं. मधुमेहाची साखर पुन्हा वाढली म्हणून आपण उपचार वाया गेले म्हणत नाही, औषध बदलतो. त्या रात्री भांडू नये, सकाळी शुद्धीवर असताना बोलावं आणि त्याच आठवड्यात केंद्रात फॉलोअपला न्यावं. गर्द किंवा इंजेक्शनचं व्यसन असेल तर धोका वेगळा असतो. काही महिने बंद ठेवल्यावर शरीराची सवय मोडलेली असते. तेव्हा पूर्वीइतकाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. घरच्यांना हे माहीत असणं आवश्यक आहे.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. साथ देणं म्हणजे मार खाणं नव्हे. दारूच्या नशेत हात उगारणाऱ्या माणसापासून आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित करावं. १८१ किंवा ११२ला फोन करावा, २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचा आधार घ्यावा. यात नवऱ्याशी द्रोह नाही.

सुनंदाताई १९९७ साली कर्करोगाने गेल्या. संस्था मात्र थांबली नाही. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी कामाची सूत्रं हातात घेतली, आणि अनिल अवचट २०२२पर्यंत सोबत होते. दरम्यान स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ विभाग सुरू झाला, आणि त्यातून घराचा आणखी एक चेहरा समोर आला. नवऱ्याच्या फॉलोअपला बायको सुट्टी काढून, मुलांना शेजारणीकडे ठेवून येते. बायको दाखल झाली तर तिला भेटायला किती जण येतात? व्यसनी पुरुषाची कीव येते, व्यसनी बाईची लाज वाटते. तिच्या पाठीशी उभं राहणारा नवरा, भाऊ, सासरा तयार करणं हे अजून बाकी असलेलं मोठं काम आहे.

घराला सोबत घ्यायचं, तर केंद्रातून परतलेल्यांचे गावोगावचे पाठपुरावा गटही महत्त्वाचे आहेत. सांगोल्याच्या माणसाला दर आठवड्याला येरवड्याला येणं परवडत नाही. गट जवळ असेल तर बायकोही येते, मुलगाही येतो. व्यसनमुक्तीची वर्षं मोजून वाढदिवस साजरे होतात, तेव्हा टाळ्या घेणाऱ्यांत ती माउलीही असायला हवी.

राष्ट्रीय पातळीवर एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असं दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळतात. उरलेल्या सदतीस जणांच्या घरातल्या बायकांना कुणीतरी सांगायला हवं की नवरा तयार होईपर्यंत वाट बघायची गरज नाही. अमेरिकेत १९९९ साली झालेल्या एका अभ्यासात उपचाराला नकार देणाऱ्या माणसांच्या जवळच्या व्यक्तींना आधी शिकवलं गेलं: भांडण टाळून कसं बोलायचं, शुद्धीत असताना कौतुक कसं करायचं, उपचाराची गोष्ट कुठल्या क्षणी काढायची. त्यांच्यापैकी ६४ टक्के जणांनी आपल्या माणसाला उपचारापर्यंत आणलं. घरच्यांनी जमून समोरासमोर सुनावण्याच्या पद्धतीने हे ३० टक्क्यांना साधलं, आणि फक्त स्वतःला सावरायला शिकवणाऱ्या पद्धतीने १३ टक्क्यांना. बायकोने, आईने, बहिणीने एकटीने जाऊन समुपदेशकाची वेळ घ्यावी. नशामुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे, आणि तिथे घरच्यांचा फोनही चालतो.