खडकीची ताम्रनलिका आणि समाक्ष जोडणीची शक्तिमर्यादा

पुण्यानजीक खडकी येथे प्रक्षेपण व दौंड येथे ग्रहण अशी योजना असलेला हिंदुस्थान-इंग्लंड बिनतारी ‘बीम’ मार्ग १९२७ साली सुरू झाला. त्याच्या उंच मनोऱ्यांकडे अभ्यासकाचे लक्ष सहज जाते. यंत्रगृहातून आकाशतारांकडे शक्ती नेणाऱ्या नळ्यांकडे ते सहसा जात नाही. वास्तविक मार्कोनी कंपनीच्या सी. एस. फ्रँकलिन यांच्या पद्धतीतील ही समकेंद्री ताम्रनलिका आजच्या समाक्ष तारेची पूर्वजच होय. बाहेरची नळी भूमीस जोडलेली, आतली निरोधक आधारांवर तोललेली आणि मधे केवळ हवा. किलोवॅटांत मोजावयाची शक्ती वाटेत प्रारणरूपाने न सांडता तीतून जाई. नळी पुरेशी रुंद केली की विद्युद्दाब व उष्णता ह्या दोन्ही अडचणी मिटत.

हौशी प्रक्षेपकास ही चैन परवडणारी नव्हती. त्याला बोटांनी उघडता येणारी, अरुंद जोडणी हवी होती. १९३० नंतरच्या दशकात अँफेनॉल कंपनीत क्वाकेनबुश यांनी ‘यूएचएफ’ जोडणी रचली. पुढील दशकात बेल प्रयोगशाळेच्या पॉल नील यांची ‘एन’ जोडणी आली. ‘बीएनसी’ त्यानंतरची. उत्पादकांच्या सूचीत यूएचएफ व बीएनसी ह्या दोहोंपुढे ५०० व्होल्ट शिखरदाब आढळतो, एनपुढे साधारणतः १५००. आकडे समान म्हणून पहिल्या दोन जोडण्या समबल मानणे ही मोठीच चूक ठरेल. बीएनसीची मधली सुई बारीक असल्याने ती आधी तापते.

५०० व्होल्टांचा शिखरदाब ५० ओहमांवर २५०० वॅट होतो. परंतु हे गणित परावर्तन नसतानाचे. स्थिरतरंग-गुणोत्तर ३ झाले की तीच मर्यादा सुमारे ८३० वॅटांवर येते. शिवाय उच्च कंप्रतेस प्रवाह धातूच्या पृष्ठालगतच वाहतो. कंप्रता ३ वरून ३० मेगाहर्ट्झ झाली, की रोध सुमारे ३.२ पट वाढतो व उष्णतेची मर्यादा त्याच मानाने घटते. म्हणून कंप्रता व परावर्तन न सांगता दिलेला वॅटांचा आकडा तुलनेस निरुपयोगी होय.

यूएचएफ जोडणी लघुलहरींवर किलोवॅटभर शक्ती निमूट वाहते, हा हौशी मंडळींचा अनुभव खराच. मात्र तिच्या सुईतील डाख कच्चा राहिला, तर शंभर वॅटही तेथे उष्णता निर्माण करतात.