थ्रेड : न हलणाऱ्या चित्राचा शोध, मळवलीच्या शिळाछापापासून टेलिफोटो भिंगापर्यंत

१/ कार्ल्याच्या लेण्यांसमोर घिरट्या घालणारी घार लांब टेलिफोटो भिंगातून चित्रित करू लागले की पहिली अडचण उभी राहते ती थरथरीची. या थरथरीशी माणूस चलच्चित्राच्या जन्मापासून झगडत आला आहे. त्या इतिहासाचा एक धागा कार्ल्याच्या पायथ्याशी, मळवलीत सापडतो.

२/ आधी थोडे गणित. ३६ मिमी रुंदीच्या सेन्सरवर ६०० मिमीचे भिंग आडवे जेमतेम साडेतीन अंशांचे दृश्य टिपते. कॅमेरा अंशाच्या दहाव्या भागाने वळला, तरी चित्र सेन्सरवर सुमारे १ मिमी, म्हणजे चौकटीच्या जवळपास ३ टक्के सरकते. ५० मिमीच्या भिंगात तेच सरकणे पाव टक्क्याहून कमी असते. भिंग जितक्या पटीने पक्षी जवळ आणते, तितक्याच पटीने हाताचा कंपही वाढवते.

३/ फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८८२ मध्ये उडत्या पक्ष्यांसाठी बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. दस्ता खांद्याला टेकवून तो सेकंदाला १२ चित्रे टिपी. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये डॅलमायर आणि जर्मनीत मिथे यांनी स्वतंत्रपणे टेलिफोटो भिंग सिद्ध केले. पुढे बहिर्गोल आणि मागे अंतर्गोल भिंगांचा गट ठेवल्याने, नाभीय अंतर मोठे असूनही नळी आखूड झाली. दूरचे जवळ आले, पण थरथर कायम राहिली.

४/ त्याच सुमारास मळवलीत एक वेगळी स्थिरता साधली जात होती. राजा रविवर्मा यांचा १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला शिळाछापखाना पुढे येथे हलवण्यात आला. रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसला नाही, तर लक्ष्मीच्या ओठांचा लाल रंग गालावर सरके. छापखान्याच्या भाषेत यालाच ‘रजिस्टर’ जुळणे म्हणतात.

५/ या छापखान्यासाठी फोटो-लिथोची कामे करणाऱ्यांत धुंडिराज गोविंद फाळके होते. पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून त्यांनी नोकरी केली होती. ती सोडून स्वदेशीच्या काळात त्यांनी जवळच लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला. पुढे तो दादरला गेला. एकावर एक ठसे अचूक बसवणे हा त्यांचा रोजचा व्यवसाय होता.

६/ १९१२ च्या आरंभी फाळके लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून परतले. तेव्हा कोरी फिल्म बिनछिद्रांची मिळे. छिद्रांतले अंतर असमान झाले, तर दंतचक्र प्रत्येक चौकट थोडी वरखाली ओढते आणि कॅमेरा दगडावर रोवला तरी पडद्यावरचे चित्र नाचते. हे काम सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतले आणि त्या अंधाऱ्या खोलीत फिल्मला छिद्रे पाडू लागल्या. भारतीय चित्रपटाच्या स्थिरतेचा पहिला पाया त्यांच्या हातांनी घातला गेला.

७/ विमा पॉलिसी गहाण पडल्या होत्या आणि पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसत नव्हता. म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा रोवला. महिन्याहून अधिक काळ ते अंतराअंतराने एकेक चौकट टिपत राहिले. ‘अंकुराची वाढ’ ही साधारण मिनिटभराची फीत तयार झाली. पडद्यावर वेल भराभर वाढताना दिसला आणि भांडवल मिळण्याची वाट मोकळी झाली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

८/ वाटाण्याचा वेल आणि दूरची घार यांच्यासमोरचा प्रश्न एकच आहे. टेलिफोटो भिंग अंतर आकसते आणि फाळक्यांच्या फितीने काळ आकसला. महिन्याभरात कुंडी किंवा कॅमेरा बोटभर सरकला असता, तर प्रेक्षकाला वाढ दिसण्याऐवजी उडी दिसली असती. काळ असो वा अंतर, जे आकसते ते लहानसा धक्काही मोठा करून दाखवते.

९/ वन्यजीव चित्रणाने पुढे तीन वाटा शोधल्या. पोलिश संशोधक काझिमेझ प्रोशिन्स्की यांच्या १९१० च्या सुमारच्या एरोस्कोप कॅमेऱ्यात हँडल फिरवण्याचे काम दाबलेल्या हवेवर सोपवले होते आणि कंप आवरायला जायरोस्कोप बसवला होता. चेरी किअर्टन यांनी तो वन्यप्राण्यांच्या चित्रणासाठी वापरला. १९४० च्या दशकात ऑस्ट्रेलियात तिपाईसाठी फ्लुइड हेड आले. त्यातल्या दाट द्रवाच्या विरोधामुळे कॅमेरा झटका न देता वळू लागला. १९९५ मध्ये कॅननने एसएलआर कॅमेऱ्यासाठी कंपभरपाई करणारे भिंग बाजारात आणले. त्यात भिंगाचा एक गटच हाताच्या कंपाविरुद्ध सरकतो.

१०/ तरीही आज कार्ल्याच्या डोंगरावर मूळ नियम जुनेच आहेत. तिपाई जड आणि बुटकी ठेवावी, तिचा मधला दांडा वर काढू नये. तिपाईवर कॅमेऱ्याऐवजी भिंगाची कॉलर बसवावी, म्हणजे भार मधोमध येतो. वारा अडेल अशी जागा निवडावी. तापलेल्या कातळावरून उठणाऱ्या उष्ण हवेची लहर मात्र कोणतेच यंत्र थांबवू शकत नाही, म्हणून चित्रण सकाळीच उरकावे. मळवलीत शिळेवर कागद बसवणाऱ्या कारागिराला आणि अंधारात फिल्मला छिद्रे पाडणाऱ्या सरस्वतीबाईंना हीच शिस्त पाळावी लागली होती. पाहणाऱ्याला ती कधी दिसत नाही. ती सुटली, तरच दिसते.